नऊ नंबरची फ्लॉपी

एन्टरची कळ दाबायच्या आधी ते उजव्या हाताचं बोट शर्टाला पुसायचे. मग ते बोट कळीच्या वर, दोन इंचांवर धरायचे, मान वळवायचे आणि खोलीत जो कोणी असेल त्याला विचारायचे, "दाबू का?"

समोर संचालक असोत नाही तर फरशी पुसायला आलेल्या मावशी, प्रश्न तोच आणि आवाजही तोच. "दाबा" असं कोणी म्हटल्याशिवाय बोट खाली येत नसे. मावशी पहिल्यांदा इतक्या घाबरल्या की फडकं तिथंच टाकून म्हणाल्या, "मला काय इचारता बाबा, तुमचं तुमी दाबा." "बरं," म्हणून त्यांनी समाधानाने कळ दाबली. त्यांच्या लेखी परवानगी मिळाली होती. एकदा मी दाराच्या काचेतून पाहिलं, तर खोलीत कोणीच नव्हतं आणि हे बोट वर धरून बसलेले. मी आत जाऊन "दाबा" म्हटलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दाराला कुलूप लावून झाल्यावर ते तीनदा ओढून बघणारी, पत्र पेटीत टाकल्यावर फटीत डोकावणारी. आपण त्यांना हसतो. मीही हसत असे. नंतर मात्र हसू येईनासं झालं, आणि ते का, तेच इथे सांगायचं आहे.

आमचा साखर कारखाना सोनईपासून एसटीने तासाभरावर. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि सगळ्या ऑफिसात मी एकटीच बाई. एक वर्ष उमेदवारीचं, मग कायम करायचं की घरी पाठवायचं ते साहेब ठरवणार. माझ्या टेबलाजवळून जाताना म्हातारे कारकून उगाच खाकरायचे. "बाईमाणूस इथं कशाला," हे मला ऐकू जाईल अशा बेताने कोणीतरी रोज म्हणायचं.

ह्या 'दाबू का?' विचारणाऱ्या गृहस्थांना सगळा कारखाना 'ऑपरेटर' म्हणायचा. कम्प्युटरचे ऑपरेटर म्हणून नव्हे, तर त्याच्या आधी दहा वर्षं ते कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होते म्हणून. वजनकाट्याला शेतकी ऑफिस हवं असलं, लॅबला स्टोअर हवं असलं की वायर ह्या भोकातून काढून त्या भोकात घालायची. तिथेही ते आधी विचारायचे, "जोडू का?" मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "ताई, येकदा न इचारता जोडलं हुतं. केमिस्टसायेब आन शेतकीसायेब. दोघांची बोलचाल बंद हाय, मला कुठं ठाऊक! दोघं बी 'हॅलो हॅलो' म्हनले, आवाज वळखला आन दोघांनी बी मलाच शिव्या घातल्या. तवापासून इचारतो."

ते पारनेर तालुक्यातले. गावात पाऊस बेताचा, बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबून ह्यांना मॅट्रिक केलं. बोर्डावर असतानाच दर रविवारी नगरला जाऊन ते कम्प्युटरचा क्लास करत. कारखान्यात कम्प्युटर आले तेव्हा ते हाताळायला माणूस नव्हता आणि ह्यांनी हात वर केला. पण दहाच्या वर हंगाम होऊन गेले तरी माणूस हंगामीच. ऊस सुरू झाला की हजर, पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की घरी. हंगामी माणसाला क्वार्टर मिळत नसे. बायको आणि दोन मुली गावाकडे, हे इथे कॅन्टीनमागच्या एका खोलीत आणखी तिघांबरोबर.

त्या वर्षी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, पुण्याहून एक खोका आला. आत चौदा फ्लॉपी आणि विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. हे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवलं की सगळी खाती एकमेकांशी जोडली जाणार होती. इथे बसून तिथे निरोप पाठवता येणार, तोडणीचा कार्यक्रम एकाच वेळी शेतकी, वजनकाटा आणि लॅब अशा तिघांना दिसणार, मीटिंगची वेळ एकाने लिहिली की सगळ्यांना कळणार. खोका घेऊन आलेल्या पुण्याच्या इंजिनियरने चहा घेतला, घड्याळ बघितलं आणि "पुस्तकात सगळं स्टेप बाय स्टेप दिलंय," असं सांगून तो परतीच्या गाडीला निघून गेला.

कार्यकारी संचालकांनी, ज्यांना आम्ही नुसतं 'साहेब' म्हणायचो, ऑपरेटरांना त्या वर्षी हंगामाआधीच बोलावून घेतलं. मी तिथे पत्राचा मजकूर घेत बसले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. साहेब म्हणाले, "दसऱ्याला बॉयलर पेटवायला चेअरमनसाहेब येतायत. तिथून थेट तुमच्या खोलीत आणतो. त्यांच्या हातून पहिला निरोप सगळ्या खात्यांना गेला पाहिजे. तेवढं करा, तुमची कायमची ऑर्डर त्याच दिवशी काढतो."

ऑपरेटर "व्हय साहेब" एवढंच म्हणाले. पण त्या संध्याकाळी ते क्वार्टरच्या रांगेकडे फेरी मारून आले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सात नंबर रिकामं हाय ताई. मागल्या दाराला बदामाचं झाड हाय. पोरींना आभ्यासाला सावली झाली." खोलीची लांबीरुंदी त्यांनी पावलांनी मोजून आणली होती. दोन पोरींची अंथरुणं कुठे पडतील, तेसुद्धा ठरलं होतं.

मग त्यांनी ते पुस्तक वाचायला घेतलं. मांडीवर शब्दकोश, शेजारी फुलस्केप वही. इंग्रजीतली एकेक पायरी वाचायची, शब्द शोधायचा आणि वहीत मराठीत उतरवायची. "येक. सर्व्हरवर आपल्या नावाने शिरा. दोन. 'मेल' नावाचं दालन उघडा." अशा एकशे बारा पायऱ्या झाल्या. मी अधूनमधून एखादा शब्द सांगायची. कोणी येऊन घाई केली की वहीवर हात ठेवून म्हणायचे, "पुस्तकात हाय तसंच जाऊ द्या."

कम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. धूळ जाऊ नये म्हणून हा नियम होता, पण लोकांनी त्याला देवळाचं रूप दिलं होतं. वजनकाट्यावरचा माणूस आत आला की आधी सर्व्हरला हात लावून तो कपाळाला लावायचा. चेअरमनसाहेबांसाठी आणलेली शाल घडी घालून सर्व्हरवरच ठेवलेली असायची. ऑपरेटर ती रोज उचलून कपाटात ठेवत आणि कोणीतरी रोज परत आणून ठेवी.

पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर चौकटीत लिहिलं होतं, की काम सुरू करण्याआधी सगळ्या फ्लॉपींच्या नकला काढा आणि नकलांवरूनच काम करा. हे त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर होतं. नकलेसाठी चौदा कोऱ्या फ्लॉपी हव्या होत्या. स्टोअरला मागणीपत्रक गेलं. पण स्टोअरकीपर नवरात्राला गावी गेलेले आणि कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला. ऑपरेटरांनी चार दिवस वाट पाहिली. रोज सकाळी स्टोअरच्या कुलपाला हात लावून येत. शेवटी अष्टमीला मला म्हणाले, "आता थांबून भागायचं न्हाई. उद्या दुपारी सुरू करू. नुसत्या घालायच्या नि काढायच्या, त्यात काय व्हनार हाय."

पुस्तकात असून एखादी गोष्ट त्यांनी गाळल्याचं मी त्या वेळी पहिल्यांदा पाहिलं.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी कारखान्यात प्रत्येक यंत्राची पूजा होते, हे ह्या भागात कोणाला सांगायला नको. मिलच्या रोलरला झेंडूच्या माळा, वजनकाट्याला नारळ, नट कसायचे पाने आणि पक्कडसुद्धा चौरंगावर मांडून हळदकुंकू. कम्प्युटरच्या खोलीची पूजा माझ्याकडे आली, कारण ऑफिसात बाईमाणूस मी एकटीच. ऑपरेटर बौद्ध घरातले. त्यांच्या घरी हे काही नाही, पण दुसऱ्याच्या पूजेला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. तबक घेऊन मी आले तशी ते उठले, म्हणाले, "तुमी करा ताई निवांत. मी कॅन्टीनला चहाचं सांगून येतो."

मी सर्व्हरला माळ घातली, पडद्याच्या काचेला लांबूनच अक्षता दाखवल्या. तेवढी अक्कल होती. मग त्या चौदा फ्लॉपी. त्याच तर आज दुपारी कामाला लागणार होत्या, त्यांना वगळून कसं चालेल? मी त्या ओळीने मांडल्या आणि एकेकीला हळदकुंकू वाहिलं. नऊ नंबरची उचलली तेव्हा तिच्यावरची ती पत्र्याची पट्टी बोटाने सरकली आणि आतली काळी चकती दिसली. मला वाटलं, वरच्या प्लॅस्टिकला कुंकू लावून काय उपयोग, देव तर हा आत बसलाय. माझ्या भाबडेपणाला हसा खुशाल, मला आज रडू येतं. मी चिमूटभर कुंकू त्या चकतीला लावलं, पट्टी सोडली, ती खट्कन बंद झाली. बाकीच्यांचीही पट्टी उघडणार होते, पण तेवढ्यात आरतीला बोलावणं आलं. ऑपरेटर परत आले तेव्हा फ्लॉपींवरचं हळदकुंकू त्यांनी मऊ फडक्याने हळूच पुसून घेतलं. आत काय आहे, हे त्यांना कसं कळणार?

दुपारी दोनला काम सुरू झालं. खोलीत ते आणि मी. मी वहीतली पायरी वाचायची, ते करायचे. "दाबू का?" "दाबा." एक नंबरची गेली. दोन गेली. प्रत्येकीला दहाएक मिनिटं लागत. सर्व्हरमधून दळणाच्या गिरणीसारखा बारीक आवाज यायचा. चार नंबरनंतर त्यांनी मला मुलींचं सांगितलं. थोरली सातवीत, गणितात हुशार, धाकटीला नुसतं चित्रं काढायला हवं. "महिन्यातनं दोनदा भेटत्यात. धाकटी तर दोन तास वळखच देत न्हाई, आईमागं लपती." आठ नंबरची गेली.

नऊ नंबरची घातली. "दाबू का?" मी म्हटलं, "दाबा."

आधी नुसती घरघर झाली. मग दाताखाली खडा आल्यासारखा आवाज. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, चकती वाचता येत नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. तीच ओळ. तिसऱ्यांदा केलं. मग फ्लॉपी बाहेर काढली, खिडकीजवळ नेली आणि पट्टी सरकवली.

काळ्या चकतीवर लाल कण पसरले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटावर सकाळचं कुंकू अजून तसंच होतं. मी हात पदरात घेतला. त्यांनी पट्टी बंद केली, फ्लॉपी खिशात टाकली आणि म्हणाले, "चला, चहा घिऊ."

पुण्याला फोन लावला. दुसरी फ्लॉपी मिळाली असती, पण सणाची सुटी, तीन दिवसांनी पाठवू म्हणाले. आमच्याकडे एक रात्र उरली होती. साहेबांना सांगणं भाग होतं. ते स्वतः खोलीत आले. मी भिंतीला टेकून उभी होते.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"येक फ्लॉपी खराब झाली साहेब. माज्या हातून."

"तुमच्या हातून? कशी काय?"

"पुस्तकात लिवलंय, आधी नकला काढा. मी काढल्या न्हाईत. चूक माजी हाय."

साहेब रागावून ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चेअरमनसाहेबांना मी काय सांगू आता? तुमचं ते ऑर्डरचं... बघू पुढच्या हंगामात." आणि चपला घालून गेले.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते खाकरणारे कारकून आले, घरी परत जाणं आलं, आणि मी गप्प बसले. मी भ्याले, दुसरं काही नाही.

दसऱ्याच्या दिवशी ऑपरेटर पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून आले. हा त्यांच्या लोकांचाही मोठा दिवस, गावच्या विहारात कार्यक्रम असतो. बटण दाबायच्या कार्यक्रमासाठी म्हणून ते गावी गेले नव्हते आणि आता तो कार्यक्रमही नव्हता. तरी त्यांनी साहेबांची लाज राखली. प्रिंटरला लांब कागद लावून सकाळपासून खटपट केली. चेअरमनसाहेब आले, त्यांनी एक बटण दाबलं आणि प्रिंटरमधून चरचरत चांदणीच्या खुणा जुळवून केलेल्या हातभर उंचीच्या अक्षरांत 'दसरा शुभेच्छा' बाहेर पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमनसाहेब खूश झाले आणि तो कागद घडी घालून घरी घेऊन गेले. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, की हेच ते नवीन सॉफ्टवेअर.

फ्लॉपी आली. कोऱ्याही मिळाल्या. ह्या वेळी आधी नकला निघाल्या आणि दिवाळीआधी चौदाही फ्लॉपी सर्व्हरवर चढल्या. मी शेतकी ऑफिसातल्या पडद्यासमोर बसले होते आणि ते सर्व्हरपाशी. पहिला निरोप आला. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण तेव्हा दुसरी सोय नव्हती. लिहिलं होतं, "दाबू का?" मी उत्तर पाठवलं, "दाबा." मैदानापलीकडून खिडकीतून त्यांनी हात हलवला.

मग त्या सॉफ्टवेअरने जी मजा केली ती काय सांगू! लोक निरोप पाठवायचे आणि तो मिळाला का ते विचारायला पाच मिनिटं चालत जायचे. वजनकाट्यावरच्या माणसाने पंखा लावायला नेटवर्कची वायर काढली आणि अख्खा कारखाना मुका झाला. केमिस्टसाहेब आणि शेतकीसाहेब मात्र समोरासमोर न येता बोलू शकतात हे कळल्यावर रोज एकमेकांना निरोप पाठवू लागले. पुढच्या संक्रांतीला दोघांनी एकमेकांना तिळगूळ दिला, हे आजही आमच्याकडे सांगितलं जातं.

न वाचलेल्या निरोपापुढे एक चांदणी दिसायची. निरोप उघडला की चांदणी जायची. ऑपरेटर रोज सकाळी सगळ्यांच्या पेट्यांवर नजर टाकायचे आणि जिथे चांदण्या साचल्या असतील तिथे चालत जायचे. "सायेब, निरोप आलाय, वाचून घ्या." नव्या यंत्राने जुनं काम काही सुटलं नव्हतं. माणसं जोडायला त्यांना अजून जावंच लागत होतं.

साहेबांची गोष्ट निराळी. त्यांच्या टेबलावरच्या कम्प्युटरवर त्यांच्या सौभाग्यवतींनी विणलेलं क्रोशाचं झाकण होतं आणि ते कधीच निघालं नाही. त्यांचे निरोप ऑपरेटर रोज संध्याकाळी सर्व्हरवरूनच, न उघडता, कागदावर छापून एका निळ्या फाइलला लावत आणि टेबलावर ठेवत. साहेब सकाळी ती फाइल वाचत.

कार्तिकात मला राहवेना. एकदा ऑपरेटरांना सांगायला गेले, "त्या दिवशी मी...", तर त्यांनी हात वर करून, "सर्व्हरचं बघतो जरा," म्हणत पाठ फिरवली. साहेबांसमोर उभं राहून बोलायची छाती नव्हती. पण लिहिता येत होतं. जेवणाच्या सुटीत मी कम्प्युटरच्या खोलीत बसले आणि साहेबांच्या नावाने निरोप लिहिला. नऊ नंबरच्या फ्लॉपीला कुंकू मी लावलं, ऑपरेटरांचा दोष नाही, त्यांची ऑर्डर अडवू नका, माझ्यावर काय ती कारवाई करा.

वर बघते तर ऑपरेटर मागे उभे. कधी आले ते कळलं नव्हतं. माझं बोट कळीवर होतं. तोंडातून आपसूक निघालं, "दाबू का?"

"थांबा," ते म्हणाले. "आधी वाचू."

त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "यात येक राहिलंय. नकला मी काढल्या न्हाईत, ते लिवा. नकला आसत्या तर तुमच्या कुंकवानं काय झालं नसतं."

मी ते लिहिलं.

"आता दाबा," ते म्हणाले.

मी दाबलं आणि टेबलावर डोकं टेकून रडले. त्यांनी पंखा थोडा वाढवला आणि सर्व्हरच्या मागच्या वायरी उगाच तपासत राहिले.

मग मी वाट पाहू लागले. साहेब आज बोलावतील, उद्या बोलावतील. समोरून गेले की मी उठून उभी राहायची. पण ते नेहमीसारखेच, "ते पत्र झालं का?" एवढंच. चैत्रात माझं वर्ष भरलं आणि मला कायम केल्याची ऑर्डर आली. मी समजले, साहेबांनी निरोप वाचला आणि मोठ्या मनाने मला माफ केलं. पण मग ऑपरेटरांचं का नाही केलं, हे काही सुटेना. मला वाटलं, नकलांची चूक त्यांनी स्वतःच कबूल केली ना, ती साहेबांना खटकली असेल. म्हणजे माझ्या निरोपाने मी सुटले आणि त्याच निरोपाने ते अडकले, असा उलटा त्रास मला होत राहिला.

आणखी दोन हंगाम ते हंगामीच राहिले. मग संचालक मंडळाने पदवीवाला माणूस आणला. ऑपरेटरांनी त्याला सगळं नीट समजावून दिलं, ती फुलस्केप वहीसुद्धा दिली. सात नंबरच्या क्वार्टरमध्ये तोच राहायला आला. ऑपरेटर गावी गेले आणि पारनेरला टेलिफोनचा बूथ टाकला, असं कळलं. मला बरंच वाटलं, निदान मुलींजवळ तरी आहेत.

एकदाच भेटले, नगरच्या एसटी स्टँडवर. केस पिकले होते, बाकी तसेच. मी म्हटलं, "साहेबांनी मला माफ केलं, पण तुमच्यावर अन्याय केला." त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "व्हय. साहेब मोठ्या मनाचे." मग लगेच, "सर्व्हर बरा हाय ना? उन्हाळ्यात लई तापतो तो." त्यांची गाडी लागली, ते चढले, खिडकीतून हात हलवला.

साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात मी वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हटलं, "त्या दसऱ्याचं तुम्ही मनात ठेवलं नाहीत, उपकार आहेत." साहेब म्हणाले, "अगं, त्यात काय!" तोंडावरून काही वाटलं नाही. मी समजले, मोठी माणसं अशीच बोलतात.

पुढच्या उन्हाळ्यात पोस्टाने एक कार्ड आलं. पांढरं, निळ्या अक्षरांतलं. ऑपरेटर गेले होते, त्यांच्या जलदान विधीचं. माझ्या हाती पडलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. खाली निमंत्रक म्हणून दोन्ही मुलींची नावं होती. मी त्या दिवशी रजा टाकली आणि घरी नुसती बसून राहिले.

त्याच वर्षी दोन हजार सालाची बोंब उठली. जुन्या यंत्रांच्या तारखा चुकतील म्हणून आमचा सर्व्हर मोडीत काढायचा ठरलं. नवीन कंपनीचा इंजिनियर आला. जुन्या निरोपांमधलं काही ठेवण्यासारखं आहे का, ते बघायला मला बसवलं. मी एकेक पेटी उघडत होते. केमिस्टसाहेबांची, शेतकीसाहेबांची. मग माझ्या मनात आलं, आपला तो निरोप निळ्या फाइलीत पाहावा. फाइल मागवली. त्या कार्तिकातले सगळे कागद ओळीने लावलेले होते. आदल्या दिवशीचा होता, दुसऱ्या दिवशीचाही होता. त्या दिवशीचेही तीन होते. माझा नव्हता. दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं.

मी साहेबांची पेटी पडद्यावर उघडली. सगळ्या निरोपांपुढे चांदण्या, कारण साहेबांनी कधी एकही उघडला नव्हता. खाली खाली गेले. माझं नाव, माझी तारीख. पुढे चांदणी.

म्हणजे तो कागद छापलाच गेला नव्हता. चष्मा लावून ऑपरेटरांनी तो निरोप दोनदा वाचला, आपली चूक त्यात घालायला लावली, "आता दाबा" म्हणाले, मला रडू दिलं, आणि संध्याकाळी बाकीचे निरोप छापताना तेवढा एक ठेवून दिला. रोज सकाळी पेट्या बघताना साहेबांच्या चांदण्यांत ती एक त्यांना दिसत असणार. बाकी सगळ्यांच्या चांदण्या पुसायला ते चालत गेले. ह्या एका चांदणीसाठी नाही गेले. बदामाचं झाड, पोरींची अंथरुणं आणि माझी नोकरी, सगळं त्या एका कागदावर होतं, आणि तो त्यांच्या हातात होता.

मला तो निरोप एकदा उघडायचा होता. कोणीतरी तो वाचायला हवा होता. मी तो निवडला, बोट साडीच्या पदराला पुसलं आणि कळीवर धरलं. मान आपोआप वळली.

"दाबू का?"

सर्व्हरच्या वायरी सोडवत बसलेल्या इंजिनियरने वर पाहिलं. "दाबा ना मॅडम, मला काय विचारता?"

"तुम्हाला नाही," मी म्हटलं, आणि बोट तसंच वर धरून बसून राहिले.